रोजच्या वापराचे सपाट, पातळ तळाचे बूट: परवडणारे आणि टिकाऊ कसे निवडावेत?

ओंजळ

माझं काम दिवसभर उभ्याचं आणि कामावर जाणं-येणंही पायीच. नेहमीच्या बुटांत संध्याकाळपर्यंत करंगळी चेपून लाल होते आणि अंगठा आत ढकलला गेल्यासारखा वाटतो. म्हणून आता सपाट तळाचे, पुढून मोकळे, पातळ सोलचे बूट घ्यायचं मनात आहे. मिनिमलिस्ट किंवा बेअरफूट शूज म्हणतात तसे.

अडचण अशी की याच प्रकारासाठी नावाजलेल्या कंपन्यांचे बूट (विवोबेअरफूट, झीरो शूज वगैरे) माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत. स्वस्तातला एक जोड घेतला होता, दिसायला अगदी तसाच. काही महिन्यांतच त्याच्या सोलने चवड्यापाशी तोंड उघडलं.

मला रोज घालता येईल, कामावर शोभेल असा साधा गडद रंगाचा बूट हवाय. पळायचं नाही, डोंगर चढायचे नाहीत. साधे कॅनव्हासचे बूट चालतील का? दुकानात हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? आणि कडक फरशीवर पातळ सोल दिवसभर सोसेल का?

पायवाट

ओंजळ, कॅनव्हास चालेल, पण सपाट बूट म्हणजे तुम्हाला हवा तो बूट असं समजू नका.

टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक म्हणजे ड्रॉप. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. तुम्हाला शून्य किंवा शून्याच्या जवळपासचा हवा. मात्र ड्रॉप शून्य असला की सोल पातळच असेल असं नाही. आल्ट्रा कंपनीने शून्य ड्रॉपचे बूट लोकप्रिय केले, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलांना खाली चांगला जाड फोम असतो.

२०१५ साली काही तज्ज्ञांनी मिळून मिनिमलिस्ट बुटाची व्याख्या ठरवली आणि तो मोजायला एक निर्देशांकही तयार केला. त्यात पाच गोष्टी धरल्या आहेत: वजन, लवचीकता, ड्रॉप, सोलची जाडी आणि पायाची हालचाल रोखणारे किंवा वळवणारे आधार. बोटांपाशी किती रुंदी असावी हे त्या पाचांत नाहीच. म्हणजे कागदावर उत्तम गुण मिळवणारा बूटही तुमची करंगळी चेपू शकतो. रोजच्या वापरात माझ्या मते रुंदी सगळ्यात वर, बाकीचं सगळं त्यानंतर.

उदाहरण म्हणून कॉन्व्हर्सचा चक टेलर हा कॅनव्हासचा बूट बघा. तळ सपाट, रबर दणकट, वजन उचलणाऱ्या मंडळींचा वर्षानुवर्षांचा आवडता. पण पुढे निमुळता होत जातो आणि रुंद चवड्याला हमखास चावतो. व्हॅन्सचे साधे कॅनव्हास बूट पुढून जरा बरे, तरी त्यांचाही आकार पायाच्या आकारासारखा नाही. आपल्या पायाचं सगळ्यात पुढचं टोक बहुतेकांच्या बाबतीत अंगठ्यापाशी असतं, बऱ्याच बुटांचं मात्र मधल्या बोटांसमोर. अंगठा आत वळतो तो त्यामुळे.

तपासायची रीत सोपी आहे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा. कुणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून पायाची कड आखायला सांगा. तिरकी धरली तर आकार खोटा येतो. दोन्ही पाय आखा, कारण ते सहसा सारखे नसतात, आणि मोठ्या पायाचा कागद कापून पर्समध्ये ठेवा. दुकानात बुटाचा इनसोल (आतली सुटी गादी) बाहेर काढून त्यावर तो कागद ठेवायचा. लांबीत सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. कडेने कागद इनसोलबाहेर लोंबत असेल तर तो जोड तिथेच परत करा. इनसोल निघत नसेल तर घालून उभं राहून बघावं लागेल, पण मग अंदाजावरच काम.

रेघोटी

बूटदुरुस्ती हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून टिकण्याबद्दल लिहिते.

ओंजळ, तुमचा तो जोड उघडला तो बहुतेक नुसता चिकटवलेला असणार. चिकटवलेला सगळाच माल वाईट असतो असं नाही, महागातले बरेच बूटही चिकटवलेलेच असतात. पण पातळ सोल चवड्याशी प्रत्येक पावलाला वाकतो. तिथे चिकटवणं कच्चं असेल तर आधी केसाएवढी फट पडते, तिच्यात धूळ आणि पाणी शिरतं, मग ती वाढतच जाते.

सोल वरच्या भागाला जोडण्याच्या तीन रीती तुम्हाला बाजारात दिसतील. पहिली ही, नुसती चिकटवणी. दुसरी व्हल्कनाइज्ड: कच्च्या रबराचा सोल आणि बुटाभोवतीची रबरी पट्टी भट्टीत उष्णतेने पक्की करतात. चक, व्हॅन्स, फेयुए (चिनी कॅनव्हास बूट) हे सगळे याच जातीचे, आणि बिननावाचे साधे कॅनव्हास बूटही पुष्कळदा असेच असतात. तिसरी म्हणजे वाटीसारख्या कडा असलेला रबरी सोल, कडेने दोऱ्याने शिवलेला. कडेची शिवण खरी असेल तर तो लवकर सोडत नाही, पण बराच वेळा जाड आणि ताठ असतो.

आता फसायची जागा. कित्येक स्वस्त बुटांच्या कडेला शिवण दिसते ती साच्यातच उठवलेली असते. नखाने खरवडून बघा. खरा दोरा रबरापासून वेगळा हाताला लागतो, सुईच्या टोकाने किंचित उचलता येतो, आणि इनसोल काढला की आतल्या बाजूलाही टाके दिसतात. आत टाके नाहीत म्हणजे बाहेरची शिवण फक्त शोभेची.

मग सोल कशाचा आहे ते बघा. नख रुतून खळगा राहिला तर तो फोम, म्हणजे बहुधा ईव्हीए. हलका आणि मऊ असतो, पण दबतो तो दबलेलाच राहतो आणि रस्त्यावर भराभर झिजतो. फोमखाली रबराचे चार तुकडे चिकटवलेले असतील तर ते तुकडे जिथे संपतात तिथून झीज सुरू होते. तुम्हाला टाचेपासून बोटांपर्यंत अखंड रबर हवं. पॉलियुरेथेनचा सोल असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची: तो दमट हवेत पडून राहिला की न घालताही आतून कुजतो आणि एके दिवशी भुगा होऊन गळतो. रासायनिक क्रियाच आहे ती, पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात. जुना माल सवलतीत मिळतोय म्हणून घेताना हे आधी विचारा.

शेवटी बूट दोन्ही हातांनी चवड्यापाशी वाकवा आणि वरच्या भागाला घडी कुठे पडते ते बघा. करंगळीच्या बाजूला जिथे घडी पडते तिथेच जोड, चिकटवलेली पट्टी किंवा छापील प्लास्टिकचा थर असेल, तर बूट तिथूनच जाणार. माझ्याकडे येणाऱ्या पातळ सोलच्या बुटांत ही जागा फाटलेली सगळ्यात जास्त दिसते, सोल मात्र धडधाकट असतो. अखंड कापडाचा किंवा मऊ चामड्याचा पुढचा भाग असेल तर उत्तम.

कंदील

टिकाऊ आणि पातळ या दोन गोष्टी एकत्र मिळतात यावर माझा विश्वास नाही. झिजायला रबर कमी म्हटल्यावर बूट लवकर संपणारच. त्यापेक्षा साधा, थोडा जाड सपाट बूट घ्यावा आणि निर्धास्त राहावं.

रेघोटी

कंदील, रबराची जाडी हा मुद्दा खरा आहे, पण जाड बुटातली बरीचशी जाडी फोमची असते. झिजणारा रबराचा थर तिथेही पातळच असतो, आणि तो संपला की फोम टिकत नाही. अखंड चांगल्या रबराचा पातळ सोल त्यापेक्षा जास्त चालतो असं मी रोज बघते. झीरो शूज तर आपल्या सोलवर ५,००० मैलांची हमी देते, म्हणजे साधारण ८,००० किलोमीटर. चवडा किंवा टाच झिजून एक मिलिमीटरपेक्षा पातळ झाली तर त्या हमीत बसते. हमी सोलची आहे, वरच्या भागाची नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

चालण्याची ढबही मोजावी लागते. टाच घासत चालणाऱ्यांचा कोणताही बूट मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आधी जातो.

शेवंती_०७

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पायाच्या बाजूने थोडं.

पातळ बुटांनी पाय बळकट होतात हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिने रोजच्या कामांसाठी असे बूट वापरणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांहून अधिक वाढलेली आढळली. पळण्यामुळे नव्हे, रोजच्या वावरण्यामुळे. ओंजळ, तुमच्या वापराशी जुळणारा अभ्यास आहे हा.

पण घाई अंगाशी येते. २०१३ च्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू व्हायब्रम कंपनीच्या फाइव्हफिंगर्सवर (प्रत्येक बोट वेगळं असलेले पातळ बूट) आणलं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली, नेहमीचे बूट घालणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात. हाडाला नव्या भाराची सवय व्हायला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि बूट दुखापती टाळतात, असल्या दाव्यांपासून दूर राहा. व्हायब्रमवर अशाच दाव्यांवरून खटला झाला होता. चूक मान्य न करता कंपनीने तो २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर मिटवला.

तुम्ही दिवसभर उभ्या असता, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त कामावर जाता-येता घाला आणि कामाच्या जागी जुने. मग तासाभराने वाढवत न्या. पोटऱ्या भरून येणं स्वाभाविक आहे. आजवर उंच टाचेवर राहिलेली मागची शीर आता पूर्ण ताणली जाते, म्हणून ते होतं. मात्र पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर, एका बोटाने दाबल्यावर नेमकं एकाच जागी दुखत असेल तर लगेच थांबा आणि दाखवून घ्या. तो अस्थिभंगाच्या आधीचा इशारा असू शकतो.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातळ सोल घालूच नये. खडा टोचलेला त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. टाचदुखी चालू असेल तर आधी ती बरी होऊ द्या.

ओंजळ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! रेघोटीताई, घरातले सगळे बूट नखाने खरवडून झाले. एकाची शिवण खोटी निघाली, आणि तोच सगळ्यात महाग होता.

शेवंतीताई, मधुमेह नाही, टाचही ठणठणीत आहे. पण कडक फरशीचं काय? तिथे चालणं फार नाही, उभं राहणंच जास्त.

शेवंती_०७

उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण, कारण भार हलत नाही. फार पातळ सोलच्या मागे लागू नका. तीन मिलिमीटरचा सोल हौशी माणसाला ठीक, तुम्हाला रबर आणि इनसोल मिळून आठ-नऊ मिलिमीटर असले तरी काही बिघडत नाही, फक्त जाडी टाचेपासून बोटांपर्यंत सारखी हवी. आत तीन-चार मिलिमीटरचा सपाट, दाट फोमचा इनसोल टाका. कमानीखाली उंचवटा असलेला नको, मऊ लुसलुशीत तर नकोच. मऊ पृष्ठभागावर तोल सावरायला पायाला सतत काम करावं लागतं आणि तो उलट लवकर थकतो. अधूनमधून चवड्यांवर उभं राहायचं, बोटं फाकवायची. मोकळ्या बुटात हे जमतं हाच त्याचा मोठा फायदा.

निवांत

स्वस्तात काम भागवायचे माझे काही मार्ग.

साध्या कॅनव्हास बुटांचा इनसोल काढून बघा. पुष्कळदा सोल सपाट असतो, पण इनसोल टाचेशी जाड आणि पुढे पातळ असतो, म्हणजे सगळा ड्रॉप त्या इनसोलमध्येच. तो फेकून सपाट इनसोल घातला की निम्मं काम होतं, शिवाय आतली जागा वाढते. बोटांजवळची लेसची पहिली दोन भोकं रिकामी सोडून तिसऱ्यापासून ओवली की चवडा आणखी मोकळा होतो. मात्र सोलच अरुंद असेल तर यातलं काही उपयोगी नाही, कापड फुगतं आणि करंगळी सोलच्या कडेवर बसते.

स्त्रियांसाठीचे बूट बहुतेक कंपन्या अरुंद साच्यावर करतात. पुरुषांच्या विभागात तुमच्या लांबीचा बूट मिळाला तर तो घालून बघा, तीच लांबी, पण रुंदी जास्त. पायाचं माप लहान असेल तर मुलांच्या बुटांतही कधी कधी चांगली रुंदी सापडते.

कुस्तीचे बूट पातळ आणि सपाट असतात म्हणून काही जण सुचवतात. ते चटईसाठी असतात, रबर मऊ, रस्त्यावर थोड्याच दिवसांत गुळगुळीत होतं. पाण्यात घालायचे शूजही तसेच, त्यांत पाय घामाने उकडून निघतो. फेयुए मात्र मला आवडले. शांघायमध्ये सुरू झालेला हा बूट मार्शल आर्ट्सवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. हलका, लवचीक आणि किमतीलाही सोपा. रुंदी बेताचीच, हे आधीच सांगतो.

पायवाट

ऑनलाइन घेणार असाल तर मापाच्या आकड्यावर जाऊ नका. युरोपीय पद्धतीत एका नंबराचा फरक ६.६७ मिलिमीटर, ब्रिटिश पद्धतीत ८.४७. शिवाय कंपनीगणिक साचा वेगळा. विकणाऱ्याला इनसोलची लांबी आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा, आणि आपल्या कागदाशी ताडून बघा. उत्तरच देत नसतील तर दुसरीकडे बघावं. बूट आला की घरातच घालून फिरा, सोल मळला तर परत घेत नाहीत.

कंदील

रेघोटी, तुमचं म्हणणं पटलं. एक विचारतो: सोल झिजला तर अशा बुटांना नवा लावता येतो का? की फेकायचे?

रेघोटी

लावता येतो, वेळेवर आणले तर. टाचेची नक्षी पुसून गुळगुळीत झाली की आणा. भोक पडून आतलं कापड दिसायला लागल्यावर आणला, तर नवीन रबराला धरायला काही उरत नाही.

घरी करायचं असेल तर झिजलेली जागा जाड पॉलिश पेपरने घासून खरबरीत करा, रबरी शीटचा तुकडाही तसाच घासा. दोन्हीवरची धूळ पूर्ण पुसा. मग दोन्हीवर सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतका वाळू द्या, आणि मग एकदाच नीट बसवून हातोडीने मधून कडांकडे ठोकत जा. ओलं असताना चिकटवलं तर आतला द्रव अडकतो आणि चकती दोन दिवसांत निघते. कडा तिरकी तासा, नाहीतर चालताना अडखळाल. रबर दोन मिलिमीटरचं पुरे. टाचेला जाड चकती लावलीत तर सपाट बुटाला तुम्हीच टाच दिली असं होईल.

भिजलेले बूट हीटरपुढे किंवा कडक उन्हात ठेवू नका, उष्णतेने चिकटवण सुटते. इनसोल बाहेर काढा, आत कागद कोंबा, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनचंही तसंच, टाकायचेच असतील तर थंड पाण्यात. आणि दोन जोड आलटून पालटून घातले तर दोन्ही जास्त चालतात, कारण घामाचा ओलावा पुरता वाळायला एक रात्र पुरत नाही.

ओंजळ

काल कागद घेऊन दुकानं पालथी घातली. बरेचसे जोड रुंदीतच बाद झाले. शेवटी पुरुषांच्या विभागात काळा कॅनव्हास बूट मिळाला: व्हल्कनाइज्ड, अखंड रबर, पुढचा भाग एका कापडाचा, घडीच्या जागी जोड नाही. कागद इनसोलवर ठेवला तर करंगळीपाशी दोन-तीन मिलिमीटर जागा उरली, अंगठ्यापुढे साधारण ११. इनसोल टाचेशी जाड होता, तो काढून सपाट टाकला. किंमत नावाजलेल्या कंपन्यांच्या जवळपासही नाही.

एक शंका राहिली. बूट मोकळा आहे, तरी दुपारनंतर बोटं जवळ ओढल्यासारखी होतात. नेहमीचे घट्ट मोजे घालते, त्यामुळे असेल का?

शेवंती_०७

हो, त्यामुळेच. घट्ट मोजा बोटांना सगळा वेळ एकत्र बांधून ठेवतो. एक माप मोठा, पुढून सैल मोजा घ्या, किंवा प्रत्येक बोट वेगळं असलेला. बोटांचे मोजे थोडी जागा खातात आणि तुमच्याकडे करंगळीपाशी दोन-तीन मिलिमीटरच आहेत, तेव्हा पातळ विणीचे बघा आणि दुकानात जाताना बूट घेऊन जा.

निवांत

आणि ओंजळ, त्या दुकानात तो जोड अजून असेल तर दुसराही घेऊन ठेवा. चांगला बसणारा साचा कंपन्या कधी बदलतील याचा नेम नसतो. कॅनव्हास आणि रबर आहे, पॉलियुरेथेन नाही, तेव्हा वर्षभर कोरड्या जागी ठेवलात तरी खराब होणार नाही.

ओंजळ

आलटून पालटून घालायला दुसरा हवाच होता. उद्या कामावरून येताना जाते, मोजेही तिथेच बघते.